सहीच्या वरचा आकडा

आयकर कमी भरला गेला आहे ही गोष्ट बहुधा आयकर खात्याच्या आधी, आणि पुष्कळदा खुद्द करदात्याच्याही आधी, त्याचे हिशेब पाहणाऱ्या लेखापालाच्या लक्षात येते. आणि ती लक्षात आल्यावर त्याने कोणाला काय सांगावे, काय सांगू नये आणि कोणत्या कागदावर सही करू नये, हा त्याच्या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. महानगरांत मोठ्या कंपन्यांचा लेखापरीक्षक वेगळा, करसल्लागार वेगळा आणि वकील वेगळा असतो, त्यामुळे हा प्रश्न तीन डोक्यांत विभागला जातो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र एकच सनदी लेखापाल दुकानाचे हिशेब तपासतो, मालकाचे विवरणपत्र भरतो, त्याच्या भावाच्या बागेचे उत्पन्न मांडतो, बँकेच्या कर्जासाठी दाखला देतो आणि गणपतीत त्याच घरी आरतीलाही उभा असतो. अशा गावात ‘एवढे सांभाळून घ्या’ हे तीन शब्द कायद्याच्या चाळीस कलमांपेक्षा वजनदार ठरू शकतात.

सनदी लेखापाल म्हणजे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ खाली स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेचा सभासद, ज्याला लोक सरसकट ‘सीए’ म्हणतात. विवरणपत्र भरून देणारा प्रत्येक जण सीए नसतो. वकील, करसल्लागार आणि संगणकावर अर्ज भरून देणारे केंद्रचालकही ते काम करतात. पण संस्थेची नीतिसंहिता, तिची शिस्तपालन समिती आणि सभासदत्व गमावण्याचा धोका हे सारे फक्त सीएला लागू होते. या लेखात ‘लेखापाल’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

रत्नागिरीत कर कमी भरला जाण्याच्या वाटा पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याच शेतीच्या उत्पन्नाच्या वळणावर येऊन मिळतात. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१) नुसार शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे, आणि शेतीचे उत्पन्न म्हणजे काय हे कलम २(१ए) सांगते. हापूसची बाग ज्याच्या मालकीची, त्याने ती स्वतः राखली, खत घातले, फवारणी केली, आंबा उतरवला, अढी लावून पिकवला आणि पेट्या भरून वाशीच्या बाजारात धाडला, तर येणारी सारी रक्कम शेतीचीच, कारण माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सामान्यपणे जी प्रक्रिया करतो ती कायद्याने शेतीत धरली आहे. त्याच बागायतदाराने आंब्याचा रस काढून डबे भरले, तर मात्र उत्पन्नाचे दोन तुकडे पडतात: आयकर नियम, १९६२ च्या नियम ७ प्रमाणे कारखान्यात वापरलेल्या स्वतःच्या आंब्याची बाजारभावाने येणारी किंमत कच्च्या मालाचा खर्च म्हणून वजा होते आणि शेतीकडे जाते, आणि त्यापुढचा नफा धंद्याचा ठरून करपात्र होतो. काजूच्या बोंडापासून बी वेगळी करून ती वाळवून विकणे शेतीत बसते. विकत घेतलेली बी भाजून, फोडून, सोलून गर विकणारा कारखाना बसत नाही. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न २००८ च्या वित्त अधिनियमाने निःसंदिग्धपणे शेतीत घातले, आणि कलमांचा धंदा करणाऱ्या कोकणी माणसाला ती दुरुस्ती मोलाची आहे. मिरकरवाडा बंदरात उतरणारी मासळी मात्र, कितीही मेहनतीची असली तरी, जमिनीतून येत नाही आणि म्हणून शेतीचे उत्पन्न ठरत नाही.

खरी गुंतागुंत खंडाने दिलेल्या बागांची आहे. व्यापारी मोहोर धरल्यानंतर किंवा फळ दिसू लागल्यावर सबंध हंगामासाठी बाग घेतो. झाडे मालकाची, आंबा या खंडकऱ्याचा. उभे पीक विकत घेऊन विकणाऱ्याचा नफा हा व्यापाराचा नफा मानला जातो, पण खंडकरी स्वतः फवारणी, छाटणी आणि राखण करत असेल तर त्याने शेती केली की नाही, असा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनयकुमार सहास रॉय खटल्यात १९५७ साली असे ठरवले की जमिनीची नांगरणी, पेरणी, लागवड ही मूळ कामे असतील तरच त्यांच्या पुढची कामे शेतीत मोडतात; नुसती पुढची कामे पुरेशी नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी लावलेल्या कलमांखाली या वर्षीच्या खंडकऱ्याने केलेली फवारणी या कसोटीवर कुठे बसते, याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. हे मुद्दाम नोंदवण्याचे कारण असे की ‘कर कमी भरला’ या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात: कायद्याचा अर्थ लावण्यातला टिकण्याजोगा मतभेद, नकळत झालेली चूक, आणि जाणूनबुजून केलेली लपवाछपवी. लेखापालाचे कर्तव्य या तिन्ही ठिकाणी सारखे नसते, आणि पहिल्या प्रकाराला तिसऱ्याचे नाव देणारा लेखापाल अशिलावर अन्याय करतो, तर तिसऱ्याला पहिल्याचा मुखवटा चढवणारा स्वतःवर.

तिसरा प्रकार ओळखणे तितके कठीण नाही. गणपतीपुळ्याला बागेतल्या घरात पर्यटक राहतात आणि त्यांचे भाडे ‘आंबा विक्री’ म्हणून मांडले जाते. वास्तविक शेतातली इमारत शेतीखेरीज अन्य कामासाठी, मग ते राहण्यासाठी असो वा धंद्यासाठी, वापरू दिल्याचे उत्पन्न शेतीचे नाही, असे कलम २(१ए) खालील स्पष्टीकरणात लिहिलेलेच आहे. दुकानातली बिलाविना झालेली विक्री, ठेकेदारीतली रोख, जमिनीच्या व्यवहारातला खरेदीखताबाहेरचा पैसा, या सगळ्याला ‘शेतीत दाखवा’ हे एकच औषध सुचवले जाते. सातबाऱ्यावर वीस गुंठे आणि उत्पन्न पंचवीस लाख, अशी जोडी समोर आली की लेखापालाला संशय घेण्यासाठी गुप्तहेर असावे लागत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाच्या सवलतीची जी प्रकरणे तपासली, त्यांपैकी सुमारे बावीस टक्के प्रकरणांत खात्याने पुरेशी कागदपत्रे न पाहताच सवलत मान्य केल्याचे दाखवून दिले होते. त्यानंतर फट थोडी अरुंद झाली आहे: निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती क्षेत्राची, मालकीची की भाड्याची, बागायत की पावसावरची, हे विवरणपत्रातच लिहावे लागते, आणि सातबारा, पीकपाहणी व दलालाची पट्टी यांच्याशी ते ताडून पाहता येते. शिवाय शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते पाच हजारांच्या वर गेले आणि बाकीचे उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असले, तर कराचा दर ठरवण्यासाठी ते मिळवून धरले जाते. म्हणजे खोटा आंबा अगदीच फुकट पडत नाही.

जमिनीच्या विक्रीतही असाच एक सापळा आहे. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता मानली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण म्हणजे काय हे नगरपालिकेच्या लोकसंख्येवर आणि हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरते. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेपासून दोन किलोमीटर, त्यापुढे दहा लाखांपर्यंत सहा आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटर, असे ते टप्पे आहेत. रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती, म्हणून येथे दोन किलोमीटरची रेघ लागते. वळणावळणाच्या रस्त्याने साडेतीन किलोमीटर असलेली जमीन नकाशावर दीड किलोमीटर निघाली, तर ज्याने कर भरला नाही तो विक्रेता बहुधा लबाड नसतो, नुसता चुकलेला असतो.

आता मूळ प्रश्न. लेखापालाला असे काही आढळले, तर त्याने आयकर कार्यालयात जाऊन सांगावे काय? सामान्य वाचकाची समजूत दोन टोकांना झुकलेली असते. काहींना वाटते की सीए हा सरकारचा माणूस आहे, तर काहींना वाटते की पैसे देणाऱ्याचे तोंड सांभाळणे हाच त्याचा धर्म. कायदा दोन्ही मानत नाही. १९४९ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तनाची जी यादी आहे तिचे पहिलेच कलम असे सांगते की कामाच्या ओघात मिळालेली माहिती अशिलाच्या संमतीवाचून, किंवा एखाद्या कायद्याने भाग पाडल्याखेरीज, अन्य कोणाला उघड करणे हे गैरवर्तन आहे. त्याच यादीत थोडे पुढे, वित्तीय विवरण दिशाभूल करणारे ठरू नये म्हणून जी महत्त्वाची वस्तुस्थिती उघड करणे आवश्यक आहे ती माहीत असून न सांगणे, माहीत असलेले मोठे अपकथन अहवालात न नोंदवणे आणि कामात योग्य ती दक्षता न घेणे, हीही गैरवर्तने ठरवली आहेत. या दोन आज्ञा परस्परविरोधी भासतात, पण त्यांचे रोख वेगळे आहेत. पहिली आज्ञा लेखापालाला बाहेर जाऊन बोलण्यापासून रोखते. दुसरी त्याला स्वतःच्या सहीखाली खोटे बोलण्यापासून रोखते. गप्प राहण्याची मुभा आहे, खोट्याला साक्ष राहण्याची नाही.

या गुप्ततेची मर्यादाही समजून घ्यावी लागते. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला पुराव्याच्या कायद्याने जे विशेष संरक्षण दिले आहे, जे पूर्वी १८७२ च्या अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, ते सीएला नाही. आयकर अधिकाऱ्याने कलम १३१ खाली समन्स काढून कागद मागवले, तर ‘अशिलाचे गुपित आहे’ हे उत्तर चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली प्रुडेन्शियल कंपनीच्या खटल्यात हाच भेद कायम ठेवला: तोच करसल्ला वकिलाने दिला तर संरक्षित, लेखापालाने दिला तर नाही. तर्काला हे थोडे विचित्र वाटते, पण अशिलाला ते आधीच ठाऊक असलेले बरे.

भारतीय सनदी लेखापाल संस्थेने करफसवणुकीच्या प्रसंगी सभासदांनी कसे वागावे याबाबत दिलेले मार्गदर्शन जुने आहे, आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. फसवणूक मागच्या अशा वर्षांतली असेल ज्यांचे काम या लेखापालाने केलेच नव्हते, तर त्याने अशिलाला ती उघड करण्याचा सल्ला द्यावा आणि जुन्या पापाची सावली चालू वर्षाच्या विवरणावर पडत नाही ना, हे पाहावे. पडत नसेल तर त्याला चालू वर्षाचे काम करता येते. लपवाछपवी चालू वर्षाच्याच हिशेबात असेल, तर संपूर्ण खुलासा करण्यास सांगावे, आणि अशील नकार देईल तर आपल्या अहवालात स्पष्ट शेरा मारावा व त्या विवरणपत्राशी आपला संबंध ठेवू नये. या दोन्ही परिस्थितींत वाट तशी सरळ आहे.

तिसरी परिस्थिती सर्वांत नाजूक आहे: जे हिशेब लेखापालाने स्वतः तपासले, ज्यांवर स्वतः अहवाल दिला, ते खोटे होते असे त्याला नंतर कळते. येथेही आधी अशिलाला खुलाशाचा सल्ला द्यायचा. त्याने तो मानला नाही, तर आपण या प्रकरणातून बाजूला होण्यास मोकळे आहोत आणि आपण तपासलेले हिशेब नंतर मिळालेल्या माहितीमुळे विश्वासार्ह राहिलेले नाहीत असे अधिकाऱ्यांना कळवू, हे त्याला सांगायचे. मात्र तसे कळवताना ती माहिती काय आहे हे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय उघड करायचे नाही. म्हणजे लेखापाल आपली सही मागे घेतो, पण अशिलाचे गुपित फोडत नाही. संस्थेने काढलेली ही मधली वाट कागदावर चतुर आहे, आणि तत्त्व म्हणून योग्यही आहे, कारण खोट्या हिशेबावर जो विश्वास ठेवला गेला तो लेखापालाच्या नावामुळे ठेवला गेला होता आणि तेवढाच परत घेण्याचा त्याला अधिकार आहे. व्यवहारात मात्र तिचा परिणाम अर्धा राहत नाही. ‘हिशेबांवर विसंबू नये’ असे एका ओळीचे पत्र खात्याच्या हाती पडले की पुढची चौकशी कोणत्या दिशेने जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि छोट्या गावात अमुक सीएने अमुक पेढी सोडली ही बातमी पत्राच्या आधी पोहोचते. म्हणूनच ही पायरी क्वचितच गाठली जाते, आणि खरे काम पहिल्या पायरीवर, अशिलाला स्पष्टपणे आणि लेखी सांगण्यातच होते.

लेखापालाने स्वतः किती खोदावे, हा याला जोडून येणारा प्रश्न. त्यावर मद्रास उच्च न्यायालयाने १९५२ साली आयकर आयुक्त विरुद्ध जी. एम. दांडेकर या प्रकरणात दिलेला निर्णय आजही लेखापरीक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत आढळतो. मराठी आडनावाच्या त्या मद्रासच्या लेखापरीक्षकावर ठपका असा होता की ज्या वह्यांवरून त्याने विवरण तयार केले त्या वह्याच खोट्या होत्या. न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. समोर आलेल्या वह्यांवरून विवरण बरोबर तयार करणे हे त्याचे काम, वह्यांमागचे खोटे आयकर खात्यासाठी शोधून काढण्याची त्याच्यावर जबाबदारी नाही, हे त्याचे सार. हा निर्णय लेखापालांना दिलासा देणारा आहे, पण त्याचा आधार न कळण्यावर आहे. ज्याला कळले आहे, त्याला दांडेकर निर्णयाच्या आड उभे राहता येत नाही. कलम २७८ नुसार खोटे विवरणपत्र किंवा हिशेब देण्यास दुसऱ्याला साहाय्य करणे वा प्रवृत्त करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१७ मध्ये आलेल्या कलम २७१जे नुसार अहवालात वा दाखल्यात चुकीची माहिती देणाऱ्या लेखापालाला प्रत्येक अहवालामागे दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे. तिची नोंद मात्र संस्थेपर्यंत जाऊ शकते.

न कळण्याची जागाही आता आक्रसत चालली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून आयकराच्या संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याचे वार्षिक माहितीपत्रक उपलब्ध होते, ज्यात ठेवींचे व्याज, लाभांश, शेअर व म्युच्युअल फंडांचे व्यवहार, स्थावराची खरेदी-विक्री अशा नोंदी असतात. अशिलाने सांगितले नाही आणि लेखापालाने विचारले नाही, ही सबब एका बटणाच्या अंतरावर उभे असलेले ते पत्रक मोडून काढते. सहकारी पतसंस्थेतील ठेवींचे व्याज विसरणे ही आपल्याकडची जुनी सवय. तीही या पत्रकाने उघडी पाडण्याची शक्यता वाढली आहे.

जगात याच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली आहेत, आणि त्यांच्या उजेडात आपली वाट अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत आयकर खात्यापुढे काम करणाऱ्यांना लागू असलेल्या परिपत्रक २३० नुसार अशिलाच्या विवरणात चूक किंवा वगळणूक आढळली, तर ती आणि तिचे परिणाम अशिलाला ताबडतोब सांगणे सल्लागाराला बंधनकारक आहे. खात्याला सांगणे नाही. ब्रिटनमध्ये २००२ च्या गुन्हेगारी उत्पन्नाविषयीच्या कायद्याने उलट टोक गाठले: जाणूनबुजून केलेल्या करचुकवेगिरीचा संशय आला तरी लेखापालाने सरकारी यंत्रणेला कळवले पाहिजे, आणि कळवल्याची कुणकुणही अशिलाला लागू देता कामा नये. तेथे लेखापाल जवळजवळ खबऱ्या झाला आहे, आणि अशील त्याच्याशी मोकळेपणाने बोलेल कसा, हा आक्षेप तेथेही घेतला जातो. लेखापालांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नीतिमंडळाने कायदेभंगाला लेखापालाने कसा प्रतिसाद द्यावा याची जी चौकट २०१७ पासून लागू केली, ती भारतीय संस्थेनेही स्वीकारली, पण लेखापरीक्षणाच्या बाबतीत ती येथे मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांपुरती आहे. बागायतदाराच्या आणि किराणा दुकानाच्या हिशेबाला ती पोहोचत नाही.

भारतात खबर देण्याचे बंधन एका वेगळ्या दाराने मात्र आत आले आहे. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने अवैध पैसा वैध करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा सीएंच्या काही कामांना लागू झाला: अशिलाच्या वतीने स्थावराची खरेदी-विक्री, त्याच्या पैशाचे, रोख्यांचे वा बँक खात्यांचे व्यवस्थापन, आणि कंपन्या वा न्यास स्थापन करणे, चालवणे आणि त्यांसाठी भांडवल उभारणे. हिशेब तपासणे आणि विवरणपत्र भरणे त्यात नाही. मुंबईत किंवा आखातात राहणाऱ्या चाकरमान्यासाठी त्याचेच पैसे हाताळून गावाकडे जमीन घेऊन देण्याचे काम जो लेखापाल आपुलकीने अंगावर घेतो, त्याने ही अधिसूचना वाचलेली असणे हिताचे आहे, कारण ते काम करताच ओळख पटवण्याची, नोंदी ठेवण्याची आणि संशयास्पद व्यवहार कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.

अशिलाला उघड करण्याचा सल्ला द्यायचा, तर तसे करण्याचा मार्ग कोणता, हेही लेखापालाला सांगता आले पाहिजे. नाहीतर तो नुसता उपदेश होतो. मुदतीत असेल तर सुधारित विवरणपत्र भरता येते, आणि त्यात कर व व्याजापलीकडे फारसे काही जात नाही. ती मुदत उलटल्यावर कलम १३९(८ए) खालील अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे, जो २०२२ च्या वित्त अधिनियमाने खुला झाला. आधी तो दोन वर्षांपुरता होता. २०२५ मध्ये तो संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत वाढवला गेला. त्यात कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षी २५, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा कर द्यावा लागतो. समजा पर्यटकांच्या भाड्यावरचा एक लाखाचा कर बुडाला आणि व्याज वीस हजार झाले. तिसऱ्या वर्षी हा मार्ग घेतला तर १,२०,००० वर ६० टक्के, म्हणजे ७२,००० अधिक, एकूण १,९२,००० भरून प्रकरण मिटवता येते. तेच खात्याने शोधून काढले आणि उत्पन्नाचे अपकथन ठरवले, तर कलम २७०ए खाली कराच्या दुप्पट, म्हणजे दोन लाख दंड, मूळ कर व वाढत जाणारे व्याज वेगळे, आणि हेतुपुरस्सर चुकवेगिरी सिद्ध झाल्यास कलम २७६सी खाली खटलाही. झडती झाली असेल किंवा त्या वर्षाचे करनिर्धारण सुरू झाले असेल, तर हा मार्ग सामान्यतः बंद होतो. म्हणून सल्ला वेळेत देणे हा नीतीचाच भाग आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तरतूद असली, तरी त्याआधीच्या वर्षांची उत्तरे १९६१ च्याच कायद्यात शोधावी लागतात.

चूक लेखापालाचीच असते, तेव्हा यातले काहीही बदलत नाही, फक्त बोलणे अवघड होते. भाड्याची नोंद अशिलाने दिली होती आणि कार्यालयातल्या शिकाऊ मुलाने ती भलत्या रकान्यात घातली, तर अशिलाला तितक्याच स्पष्टपणे सांगणे आणि विवरण दुरुस्त करणे भाग आहे. पुढच्या वर्षीच्या आकड्यात गुपचूप ‘जुळवून घेणे’ हा त्यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे एका चुकीच्या जागी दोन वर्षांची दोन खोटी विवरणे तयार करणे.

फीचा संबंधही येथे येतो. मिळकतीच्या किंवा निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवणे, काही मोजके अपवाद सोडता, सीएला मना आहे, आणि त्यामागचे कारण १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी जी मोहीम राबवली तिच्यात दिसून आले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत काही दलाल नोकरदारांच्या नावे घरभाडे, देणग्या, आजारपण, शैक्षणिक कर्ज अशा खोट्या वजावटी मांडून परतावे काढत आणि त्यावर कमिशन घेत, असे खात्याने सांगितले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही जाहीर झाले. त्यांतल्या कित्येकांना आपल्या नावाने काय मांडले गेले आहे हे ठाऊकही नसावे. परंतु विवरणपत्रावरील सत्यापन करदात्याचे असते, आणि ‘आमच्या माणसाने भरले’ हे उत्तर तेथे थिटे पडते.

अशिलाने ऐकले नाही आणि लेखापालाने काम सोडले, तर पुढे काय होते, हे मात्र या व्यवस्थेतले सर्वांत कच्चे ठिकाण आहे. नव्या लेखापरीक्षकाने काम स्वीकारण्यापूर्वी जुन्याला लेखी कळवले पाहिजे, असे पहिल्या अनुसूचीत बंधन आहे. त्या पत्रामुळे नव्याला निदान विचारण्याची संधी मिळते की हे काम का सुटले, आणि जुन्यालाही गुपित न फोडता सावध करण्याची. पण हे बंधन लेखापरीक्षणाला आहे. एक कोटीच्या वर उलाढाल गेली, किंवा व्यवहार जवळजवळ सारे बँकेतून होत असतील तर दहा कोटींच्या वर गेली, तरच सामान्यतः धंद्याला करलेखापरीक्षण लागते, आणि रत्नागिरीतले बहुसंख्य बागायतदार, घरगुती निवासवाले आणि छोटे दुकानदार त्या मर्यादेच्या खालचे. त्यांच्या नुसत्या विवरणपत्रासाठी पत्राची गरज नाही, मागच्या लेखापालाचे नाव कोठे विचारले जात नाही, आणि नीतिसंहिता न मानणारे विवरणपत्र भरणारेही बाजारात आहेत. एका कार्यालयाने सकाळी नाकारलेला आकडा दुसऱ्या एखाद्या संगणकावरून संध्याकाळपर्यंत खात्यात जमा झालेला असू शकतो, आणि पहिल्या लेखापालाला ते कधी कळणारही नाही.